तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटरी बदलू का?

"गाडी दोन दिवस उभी राहिली की स्टार्टच होत नाही हो, बॅटरी बदलू का?" हे मला लोक सोसायटीत विचारतात, ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात, कारण माझ्या डिकीत मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र, असतो ही बातमी आता सगळीकडे पसरलीय. माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी मोजा. करंट कुठेतरी गळत असेल आणि तुम्ही नवी बॅटरी टाकलीत तर ते नळ गळतोय म्हणून मोठी टाकी आणल्यासारखं, चार दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच.

मोजायला काय लागतं? साधा डिजिटल मल्टिमीटर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काहीशे रुपयांत मिळतो, आणि एक टेस्ट लॅम्प, म्हणजे इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि टोकाला क्लिप. घरातला तो निऑनच्या दिव्याचा स्क्रूड्रायव्हर टेस्टर गाडीला लावू नका, तो १२ व्होल्टला पेटतच नाही, आणि लोक तो लावून "करंटच नाहीये" म्हणून मोकळे होतात. टेस्ट लॅम्प कशाला, मीटर आहे ना, असंही विचारतात. तर वायर आतून तुटत आलेली असेल, एखादीच तार शिल्लक असेल, तरी मीटर बिनधास्त १२ व्होल्ट दाखवतो कारण तो जवळजवळ करंट खेचतच नाही. बल्ब खेचतो. म्हणून अशा वायरीवर मीटर १२ दाखवतो आणि बल्ब मिणमिणतो, तिथेच चोर पकडला.

आता पहिला आकडा. गाडी रात्रभर बंद ठेवायची, सकाळी बॉनेट उघडून दार लावून घ्यायचं, जरा थांबायचं आणि बॅटरीवर व्होल्टेज बघायचं. १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेलीच. मग इंजिन चालू करून परत बघा, १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, चार्ज करतोय (नवीन गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा वरखाली होतो, घाबरू नका). इंजिन चालू असून १२.३, १२.२ असं खालीच जातंय तर बॅटरीच्या दुकानात न जाता आधी बेल्ट आणि अल्टरनेटर बघायचा.

तिसरा आकडा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात दोन माणसं लागतात आणि दुसरा नेहमी वैतागलेला असतो. त्याला सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारायला सांगायचं आणि आपण मीटरकडे बघायचं. फुल चार्ज बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर हो, बदला, ती गेलेलीच आहे. पण व्होल्टेज १२ च्या वरच राहिलं आणि नुसतं टक् वाजलं, तर बॅटरीत करंट आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये. अशा वेळी मीटरची एक पिन जागच्या जागी ठेवून दुसरी एकदा बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा आणि एकदा त्याच्यावर चढवलेल्या क्लॅम्पवर, सेल्फ मारतानाच. दोन्हीकडे सारखं यायला हवं. खुंटावर १२ आणि क्लॅम्पवर ५ आलं तर तुमचा सगळा प्रॉब्लेम त्या हिरव्या-पांढऱ्या बुरशीसारख्या थरात आहे. खायचा सोडा, कोमट पाणी, जुना टूथब्रश, वरून व्हॅसलिन, झालं काम. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेली असली तर जे होतं ते बघायची हौस नको.

आता दोन दिवसांत उतरण्याचा प्रश्न. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची जुनी वॅगनआर, बॅटरी ३५ एएचची (अँपियर-तास, म्हणजे साधारण ३५ तास एक अँपियर देईल एवढी), तीही त्यांनी आधीच नवी टाकलेली, आणि तरी सोमवारी गाडी मेलेली. निगेटिव्हचा क्लॅम्प सोडवला, खुंट आणि क्लॅम्पच्या मध्ये मीटर लावला, लाल पिन १० अँपियरच्या भोकात. हे असं लावलेलं असताना चावी अजिबात फिरवायची नाही, सेल्फ शेकडो अँपियर खेचतो आणि मीटरचा फ्युज गेलाच समजा, फ्युज नसलेला स्वस्त मीटर असेल तर मीटरच. लावल्यावर थांबायचं, नव्या गाड्यांत सगळी मॉड्यूल्स, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबे, झोपायला अर्धा तासही लागतो. झोपलेल्या गाडीत ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर ठीक. काकांच्या गाडीत ०.४२ अँपियर, म्हणजे ४२० मिलिअँपियर. आता हिशोब करा, ०.४२ गुणिले २४ म्हणजे दिवसाला १० एएच, दोन दिवसांत २०, आणि बॅटरी ३५ ची, म्हणजे अर्ध्याहून जास्त गेली. शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी मेलेली, गणित अगदी बरोबर जुळलं.

मग एकेक फ्युज काढायचा आणि मीटरकडे बघायचं. काका म्हणाले, "अरे वायरिंगच शॉर्ट असेल, ते पूर्ण बदलायला सांगितलंय मला." मी म्हटलं काका जरा दम धरा. रेडिओचा फ्युज काढला आणि आकडा एकदम ०.०२ वर. डॅशबोर्डमधून टेप बाहेर ओढला, बाहेरून बसवलेला होता, त्याच्या मागे पिवळी वायर आणि लाल वायर एकत्र पिळून काळी टेप मारलेली. पिवळी मेमरीसाठी, ती कायम चालू असते, आणि लाल चावीवर चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही एकत्र जोडल्या की टेपला वाटतं चावी कायम चालूच आहे, स्क्रीन बंद दिसते पण आत सगळं जागं. बसवणाऱ्याने वेळ वाचवला, दुसरं काय. लाल वायर चावीच्या सप्लायवर घेतली, नीट सोल्डर केली, स्लीव्ह चढवली. असं डॅशकॅम, अँप्लिफायर, जीपीएस ट्रॅकर यांच्या बाबतीतही होतं, म्हणून बाहेरून बसवलेली वस्तू मी आधी बघतो आणि कंपनीचं वायरिंग सगळ्यात शेवटी. मीटर वापरून झाला की लाल पिन परत व्होल्टच्या भोकात घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला जाल आणि बॅटरीच शॉर्ट कराल.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे भुताटकी. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, वगैरे. ही नव्वद टक्के वेळा अर्थिंगची गडबड, हा माझा अंदाज. गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्ह असते, दिव्यातून गेलेल्या करंटला बॉडीतून परत यायचं असतं, अर्थ वायर बॉडीला जोडणारा बोल्ट गंजला की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. दिवा चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थ वायरला, ०.१ च्या आसपास असेल तर चांगलं, एक-दोन व्होल्ट आले तर बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वर ग्रीस. रत्नागिरी, मालवण, गोवा, खाऱ्या हवेतल्या गाड्यांना हे जास्त.

फ्युज उडाला तर त्याच नंबरचाच टाका, लाल १०, निळा १५, पिवळा २०. चांदी गुंडाळणं, तार पिळणं हे उद्योग नकोत, फ्युज उडतो तो वायर वाचवायला, तुम्ही तो मुका केलात तर वायर जळते. हेडलाइटला ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चा बल्ब रिलेशिवाय (रिले म्हणजे जास्त करंट स्वतःतून नेणारा वेगळा स्विच) टाकला की होल्डर वितळतो, ते होल्डर मी डब्यात जपून ठेवलेत, दाखवायला. आणि पावसाळ्यात उंदीर. बॉनेट उघडून शेंगांची टरफलं दिसली की मीटर बाजूला ठेवा, टॉर्च घ्या आणि कुरतडलेली वायर शोधा. तंबाखूची पुरचुंडी बांधा म्हणतात, आमच्या उंदरांना बहुतेक तिची सवय झालीय.

मी काय करत नाही तेही सांगतो. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना टेस्ट लॅम्प नाही, मीटर नाही, काहीच नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड केशरी केबल्सच्या जवळही जात नाही. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरींना टेस्ट लॅम्प लावत नाही, तो जास्त करंट खेचतो. त्यापुढे इलेक्ट्रिशियनच बोलवायचा, पण त्याला "गाडीत काहीतरी शॉर्ट आहे" असं सांगू नका. "झोपेत ०.४२ खेचते, अमुक फ्युज काढला की ०.०२ होतं" असं सांगा, म्हणजे तो डॅशबोर्ड पूर्ण उघडायच्या गप्पा मारत नाही, सरळ त्या फ्युजकडे जातो, आणि बिलही तेवढ्यापुरतंच लावतो.