बसंतीचा जबाब कोण उतरवून घेणार?

मे महिन्यात भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं आठवडाभर माझ्याकडे राहायला होती. सकाळी अकरानंतर घराबाहेर पाय टाकायची सोय नाही. पत्ते झाले, आंबे झाले, नातेवाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढून झाल्या. मग थोरल्या भाच्याने नवा खेळ काढला. सिनेमातला, नाटकातला, पुस्तकातला कुठलाही खलनायक घ्यायचा आणि त्याला नीचपणाचे दहापैकी गुण द्यायचे. नोंद ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ‘आत्याला लिहून घ्यायची सवय आहे.’

सवय आहे खरी. 1986 ते 2021 अशी पस्तीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा, साहेब सांगायचे, मी उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी टाइप करायचे. किती खुनांचे खटले या बोटांखालून गेले ते मोजलं नाही. पण ‘मयत’ हा शब्द डोळे मिटून टाइप करता येतो एवढं सांगते. मेलेल्या माणसाला कोर्टात नाव असतं ते पहिल्या ओळीपुरतं. पुढे तो सगळीकडे मयत.

भाच्याचा पहिला उमेदवार थॅनॉस. चुटकी वाजवून अर्धं विश्व संपवणारा तो जांभळा राक्षस. भाच्याने त्याला दहा दिले आणि लगेच कापून सात केले. म्हणे, “त्याचं लॉजिक आहे आत्या. लोकसंख्या वाढली की सगळेच उपाशी मरणार. आणि तो मुलीसाठी रडतो.” मी म्हटलं, बाळा, पस्तीस वर्षांत बिनालॉजिकचा आरोपी मी पाहिला नाही. बांधावरून भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घालणाऱ्याकडेसुद्धा लॉजिक असतं, आणि तेही रडतात. ज्या मुलीसाठी हा रडतो तिला कड्यावरून ढकललं कोणी? यानेच ना? मग ते रडणं सौम्य करणाऱ्या परिस्थितीत कसं धरायचं?

‘सौम्य करणारी परिस्थिती’ हे शब्द माझ्या तोंडातून गेले आणि फसले. आता ते समजावून सांगणं आलं.

आपल्याकडे नीचपणा मोजायचं काम न्यायाधीशांना खरोखर करावं लागतं. जन्मठेप की फाशी, असा प्रश्न आला की. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली बच्चनसिंग खटल्यात सांगितलं की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यायची, आणि गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही बघायचं. 1983 साली मच्छीसिंग खटल्यात गुन्ह्याकडे बघायच्या पाच बाजू सांगितल्या. मारलं कसं, मारलं का, समाज हादरेल असं त्या गुन्ह्यात काय होतं, किती माणसं मारली, आणि मेलेला कोण होता, म्हणजे लहान मूल, असहाय बाई, म्हातारं माणूस. त्यापुढे आरोपीच्या बाजूचं जे काही असेल ते मांडायचं. दोन रकाने, जमा आणि खर्च. ऐकायला वाण्याच्या चोपडीसारखं वाटतं आणि खरं तर आहेही तसंच. तराजू सगळ्यांना सारखाच दिला तरी एक साहेब जन्मठेप देतील तिथे दुसरे फाशी देतील, हे मी जवळून पाहिलंय.

पोरांना पाच बाजू फारच आवडल्या. धाकटीने वहीत पाच रकाने आखले आणि म्हणाली, “आता गब्बर.”

‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 ला आला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमच्या गावात पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. गब्बर पाचही रकान्यांत पैकीच्या पैकी. ठाकूरने पकडलं याचा राग ठाकूरवर काढला असता तर एक गोष्ट. त्याने घरातली माणसं टिपली, शेवटी लहान पोर. त्या पोराला गोळी लागताना पडद्यावर दिसत नाही आणि म्हणूनच ती जास्त लागते. सौम्य करणारं काही? धाकटी म्हणाली, “तो विनोदी आहे.” हसू नका. मला वाटतं गब्बरच्या बाजूने तेवढं एकच आहे आणि त्याने काम चोख केलं. एवढा खून पाडून हा माणूस नंतर ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत आला. पोरांच्या बिस्किटांच्या! हिंदुरावाच्या नावावर कुणी बिस्किटं विकून दाखवावीत. हिंदुरावाकडे येतेच.

आणीबाणीत सेन्सॉरने ‘शोले’चा शेवट बदलायला लावला, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो, असा मूळ शेवट होता. आपण वर्षानुवर्षं पाहिला त्यात पोलीस येतात आणि त्याला घेऊन जातात. इतरांना तो शेवट मिळमिळीत वाटतो. मला मात्र तेव्हापासून एकच चिंता आहे. अटक झाली म्हणजे खटला चालला असणार, आणि तो कुणीतरी टाइप केला असणार.

विचार करून बघा. मुख्य साक्षीदार ठाकूर. जबाब वाचून दाखवला, आता खाली सही करा. सही कशाने करणार? अंगठा तरी कुठला आणणार? साहेब काहीतरी शेरा मारून वाट काढतील, पण त्या क्षणी कोर्टात कसली शांतता पसरेल! दुसरा साक्षीदार वीरू. बचाव पक्षाचा वकील पहिलाच प्रश्न विचारणार, तुरुंगात किती वेळा गेला होता? संपला वीरू. जय मयत. आणि मग बसंती. बसंतीचा जबाब मला उतरवून घ्यायचाय या कल्पनेने आजही बोटं दुखतात. “विचारलं तेवढंच सांगा बाई,” असं साहेब चाळीस वेळा म्हणतील आणि ती टांगा कुठून सुटला तिथपासून पुन्हा सुरू करील.

पण गब्बरचा स्वतःचा जबाब सोपा. सरकारी पुरावा संपला की आरोपीला त्याच्यावर आलेली एकेक गोष्ट विचारतात, त्यावर तुमचं काय म्हणणं. आमच्या वेळचं ते कलम 313. आता कायदेच बदलले, 302 चं 103 झालं, तरी जीभ जुन्या आकड्यांवरच वळते. त्या शंभर-दीडशे प्रश्नांची उत्तरं बहुतेक दोनच असतात. ‘खोटे आहे’ आणि ‘माहीत नाही’. मी पानंच्या पानं ती टाइप केलीत. गब्बर मात्र छाती पुढे काढून ‘खरे आहे’ म्हणेल आणि वर आकडा वाढवून सांगेल. म्हणून मी त्याचा एक गुण कापला. नऊ. भाच्याला पटलं नाही.

आता हिंदुराव धोंडे पाटील. ‘सामना’मधला. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हिंदुरावाच्या कामात निळू फुले आणि समोर दारुडे मास्तर डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव साखर कारखान्याचा धनी, आणि त्याच्या राज्यात सगळं कसं हिरवंगार. वाट चुकून आलेल्या फाटक्या म्हाताऱ्याला तो घरी नेतो, खाऊपिऊ घालतो. मग तो म्हातारा विचारायला लागतो, मारुती कांबळेचं काय झालं?

आमच्या भागात हा प्रश्न आजही म्हणीसारखा वापरतात. पाणीपुरवठ्याच्या बैठकीत कुणी मागच्या वर्षीच्या पैशांचा हिशेब मागितला की मागून एखादा म्हणतोच, मारुती कांबळेचं काय झालं! पण मी तो सिनेमा पुन्हा पाहिला तो नोकरी लागल्यावर, आणि मला एकदम टाइपरायटर आठवला. मास्तर ‘खून कुणी केला’ असं विचारत नाही, ‘मयत’ म्हणत नाही. तो नाव घेतो, आणि परत परत पूर्ण नाव घेतो. हिंदुरावाची झोप त्या नावाने उडते. पाटलाला नाव लक्षात आहे. त्यावर माती लोटायला त्याला कष्ट पडतात, म्हणजे आत कुठेतरी काहीतरी शिल्लक आहे.

माझी आई मात्र हे असलं काही ऐकून घ्यायची नाही. जत्रेतल्या तंबूत निळू फुल्यांचा सिनेमा लागला की ती बसल्या जागी बोटं मोडायची. ‘मुडदा बशिवला तुझा’ हा तिचा ठरलेला आशीर्वाद. सेवादलात वाढलेला, पुण्यात माळीकाम केलेला तो सज्जन माणूस. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. तिला डोळ्यांतली ती नजर पुरेशी होती. गावात तशी नजर असलेली दोन घरं होती आणि त्या घरांवरून जाताना आम्ही मुली पलीकडच्या कडेने जायचो. तिने हिंदुरावाला अकरा दिले असते. मी आठ दिले आणि आईची माफी मागितली.

मग भावाने, जो इतका वेळ झोपाळ्यावर पेंगत होता, एक डोळा उघडून म्हटलं, “नाना फडणवीस.”

इतिहासातले नाही, ‘घाशीराम कोतवाल’मधले. हा खुलासा वहीतसुद्धा केला, कारण 1972 साली ते नाटक आलं तेव्हा पुण्यात यावरूनच रण पेटलं होतं आणि मला या वयात पेटवून घ्यायचं नाही. नाटकात पुण्यातल्या लोकांनी घाशीरामावर चोरीचा आळ घेऊन त्याला मारून हाकललेलं असतं. तो सूड घ्यायला उभा राहतो. कोतवालीसाठी पोटची पोर, गौरी, नानाच्या हवाली करतो. पुढे ती मरते. घाशीराम शहराला पिळून काढतो, आणि शहर उठतं तेव्हा नाना एका कागदावर सही करून घाशीरामाला जमावाच्या तोंडी देतो. वर उत्सव करायचा हुकूम.

भाचा घाशीरामाला दहा द्यायला निघाला होता. माणसं छळली त्यानेच, मुलगी विकली त्यानेच. खरंय. सगळं त्यानेच केलं म्हणून तर दोषारोपपत्रात त्याचंच नाव येईल. नानाचं नाव कुठे असेल? साक्षीदारांच्या यादीतही नाही. खालून वर गेलेल्या एखाद्या कागदावर मंजुरीचा शेरा, बस. माझ्या नोकरीत अशी एक-दोन प्रकरणं आली, की साक्षीत कुणीतरी एक नाव घ्यायचं, वकील पटकन पुढचा प्रश्न विचारायचा, आणि ते नाव परत कधी यायचं नाही. मी टाइप करताना तिथे अडखळायचे. तेवढंच माझ्या हातात होतं.

आणि गौरी? ती गेल्यावर नानाच्या चैनीत तसूभर फरक पडत नाही, लग्नसुद्धा उरकून घेतो. त्याला मच्छीसिंगच्या पाच रकान्यांत बसवता येईना. मारलं कसं? मारलं नाही. किती मारले? एकही नाही. धाकटी पेन्सिल घेऊन नुसती बसून राहिली. मी म्हटलं, दहा लिही. रकाने रिकामे राहू देत.

इथे खेळ संपायला हवा होता. चहाची वेळ झाली होती. पण वहिनी आतून आली आणि तिने विचारलं, “सुधाकरला किती देणार?”

‘एकच प्याला’मधला सुधाकर. आमच्या वडिलांचं लाडकं नाटक. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि नाटक त्यांच्या मागून रंगभूमीवर आलं. सिंधूच्या कामात बालगंधर्व. सुधाकर वकील, हुशार, मानी. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सहा महिने सनद जाते. त्या अपमानात तळीराम पहिला पेला पुढे करतो. तळीराम कोण, तर सुधाकरचाच कारकून. (आमच्या खात्यातल्या माणसाचं मराठी नाटकात एवढं मोठं काम, आणि ते हे!) पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. दारूच्या भरात सुधाकरच्या हातून तान्हं मूल मरतं, सिंधूला जबर मार लागतो, आणि ती मरता मरता फौजदाराला खोटं सांगते, नवऱ्यावर बालंट येऊ नये म्हणून.

वडील त्या प्रवेशाला डोळे पुसायचे. सिंधूसाठी आणि सुधाकरसाठीही. “बिचारा,” म्हणायचे.

नव्वदच्या आगेमागे मी किती मृत्युपूर्व जबाब टाइप केले ते सांगत नाही. इस्पितळात घेतलेले, फार तर अर्धं पान. ‘चहा करत असताना स्टोव्हचा भडका उडाला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ पहिल्यांदा असा कागद समोर आला तेव्हा मी तेवीस-चोवीसची असेन. मला सिंधूच आठवली, आणि त्या दिवसापासून ते नाटक मला वडिलांसारखं पाहता आलं नाही. त्या बाईच्या खोट्या जबाबाला थिएटरात टाळ्या मिळतात. आमच्याकडे तसल्याच जबाबावर माणसं सुटायची आणि वर्षाच्या आत दारात पुन्हा मांडव पडायचा.

हे सगळं पोरांसमोर बोलले नाही. एवढंच म्हटलं, की सुधाकर नाटकाचा नायक आहे, तो या खेळात बसत नाही. वहिनी म्हणाली, “का बसत नाही? पाच रकाने भर की.”

भरले. कसं मारलं, मेलेला कोण, सगळे रकाने भरले, गब्बरच्या वरताण. लहान मूल, असहाय बाई, दोन्ही एका घरात, एका काठीने. मग पलीकडची बाजू. अपमान. व्यसन. आणि पश्चात्ताप, तोही खोटा नाही, त्याने स्वतःला शिक्षा करून घेतली. थॅनॉसचं रडणं मी दुपारीच बाद केलं होतं. मग याचं कोणत्या तोंडाने धरू? आणि नाही धरलं, तर बच्चनसिंगचा धडा पोरांना कशाला ऐकवला?

“आत्या, लिही ना,” धाकटी म्हणाली.

मी म्हटलं, याचा निकाल राखून ठेवला आहे. साहेब म्हणायचे तसंच म्हटलं, आणि चहा टाकायला उठले.

पोरं गेल्यावर वही आवरताना पाहिलं. सुधाकरच्या नावापुढे धाकटीने पेन्सिलीने सहा लिहिले होते, खोडून नऊ केले होते, तेही खोडले होते. कागद इतका घासलाय की पलीकडच्या पानावरचा गब्बर दिसतो.