डिसेंबरात तिरुचेंदूरला जाताय? आधी तळ्यांची चौकशी करा

आपल्याकडे दसरा झाला की छत्र्या माळ्यावर जातात. तमिळनाडूच्या दक्षिणेला खरा पाऊस त्यानंतरच येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. आई-बाबांना घेऊन डिसेंबरात निघालो तेव्हा याचा पुरेसा विचार मी केला नव्हता.

तिरुनेलवेलीत रात्रभर धो धो कोसळून सकाळी सातला पाऊस थांबला, ऊनही पडलं. तिरुचेंदूर, म्हणजे समुद्रकाठचं मुरुगनाचं (कार्तिकेयाचं) देवस्थान, तिथून साधारण ५५-६० किलोमीटर. आम्ही तयार, पण गाडीवाले अण्णा आधी घेऊन गेले कुरुक्कुतुरैच्या मुरुगन मंदिराकडे. हे देऊळ ताम्रपर्णीच्या पात्रातच उभं आहे, नदी किती चढली ते गावकरी त्याच्यावरून ओळखतात. मंडपाचे खांब अर्धे गढूळ पाण्यात होते. अण्णा म्हणाले, "पाऊस इथे थांबलाय, घाटात नाही."

तरी आम्ही हट्टाने निघालो. श्रीवैकुंठमच्या अलीकडे रस्ता खोलगट होतो, तिथे भातशेतातलं पाणी रस्ता ओलांडून पलीकडच्या केळीच्या बागेत शिरत होतं. समोरून एक टेम्पो पार झाला, म्हणून बाबा म्हणाले, आपणही जाऊ. अण्णांनी बांधावरच्या शेतकऱ्याला काहीतरी विचारलं. उत्तरातला 'कुळम' एवढाच शब्द मला कळला. कुळम म्हणजे तळं. वरच्या तळ्याचा सांडवा वाहू लागला होता. अण्णांनी गाडी वळवली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

या भागात तळ्यांची साखळी आहे. एक भरलं की पाणी खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात. बांध फुटला तर सगळा लोंढा खाली येतो, तोही पाऊस उघडल्यावर. १७-१८ डिसेंबर २०२३ ला तिरुचेंदूरजवळच्या कायलपट्टिनमला २४ तासांत सुमारे ९५ सेंटीमीटर पाऊस झाला. पुण्याची वर्षभराची सरासरीही एवढी नाही. तेव्हा रुळांखालची खडी वाहून गेली आणि श्रीवैकुंठम स्थानकात सुमारे ८०० प्रवासी अडकले.

म्हणून सांगते, मुक्काम तिरुनेलवेलीत करा आणि परतीच्या गाडीआधी दोन दिवस मोकळे ठेवा. हवामान खात्याचा जिल्हावार इशारा रोज पाहा. त्याहून सोपी खूण म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली का, ते हॉटेलात विचारा. दिली असेल तर बाहेर पडू नका. रोख पैसे, औषधं, पाणी जवळ असू द्या, कारण वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलही बंद पडतो. अडचणीत १०७७ हा जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नका. फूटभर पाणीही छोटी गाडी उचलतं, आणि खालचा डांबरी रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही.

आम्हाला दर्शन तिसऱ्या दिवशी झालं. रस्ता खुला झाला का, हे अण्णांनी फोनवर पाहिलं नाही. तिरुचेंदूरहून येणारी पहिली सरकारी बस स्टँडवर लागलेली पाहिली आणि मगच गाडी काढली.