पासपोर्टावरची प्रतिज्ञा

आज पॅसिफिक महासागरातील पलाऊ या बेटांच्या देशात विमानतळावर अधिकाऱ्यांनी माझ्या पासपोर्टाच्या पानभर शिक्का उमटवून खाली सही करायला सांगितले. तो मजकूर म्हणजे या बेटांवरील मुलांना उद्देशून केलेली निसर्गरक्षणाची प्रतिज्ञा आहे आणि २०१७ पासून प्रत्येक पाहुण्याला ती करावी लागते.

दुपारी इथल्या कोरोर शहराच्या किनाऱ्यावर नितळ पाण्यात प्रवाळांभोवती फिरणारे मासे पाहताना जाणवले की, त्यांना कोणत्याही देशाची हद्द ठाऊक नसते. म्हणूनच २००६ मध्ये पलाऊ, मायक्रोनेशियाची संघराज्ये, मार्शल बेटे, ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटे यांनी एकत्र येऊन किनाऱ्यालगतच्या सागरी संपत्तीपैकी किमान ३० टक्के आणि जमिनीवरील २० टक्के भाग २०२० पर्यंत जपण्याचा निर्धार केला, आणि पुढे २०३० साठी ही उद्दिष्टे ५० व ३० टक्क्यांवर नेली. जमिनीचा समावेश मला विशेष मोलाचा वाटतो, कारण डोंगरउतारावरची झाडी तुटली की पावसाबरोबर वाहून आलेला गाळ थेट प्रवाळांवर बसतो.

या सहकार्यामागे जुनी समजही आहे: मासे घटू लागले की पलाऊचे पारंपरिक प्रमुख त्या भागात मासेमारी थांबवत, त्या बंदीला इथे ‘बुल’ म्हणतात.