सालेकसा ते डोंगरगड: रोप-वेच्या भरवशावर आई-वडिलांना नेणार असाल तर

"डोंगरगडला रोप-वे आहे ना, मग काय त्रास? आईला एक पायरी चढावी लागणार नाही." गावात ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. छत्तीसगडमधल्या डोंगरगडला डोंगरावर बम्लेश्वरी देवीचं देऊळ आहे, त्याच्या हजारावर पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून या एका वाक्यावर आम्ही निघालो. ते वाक्य अर्धंच खरं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यातून म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी उरलेलं अर्धं आधी ऐकून घ्यावं.

जाणं सोपं आहे. सालेकसाहून सकाळची लोकल पकडायची. दरेकसा, बोरतलाव, पनियाजोब आणि डोंगरगड. वाटेत जंगल आहे, बोगदा आहे, छान वाटतं. स्टेशनाबाहेर ऑटो मिळतात, भाडं बसण्याआधी ठरवा.

आता रोप-वे. चैत्र आणि अश्विन नवरात्रात म्हाताऱ्यांना नेऊच नका. पाळण्यातला प्रवास काही मिनिटांचा, पण त्या दिवसांत रांगच इतकी असते की गुडघे वाचवायला आलेला माणूस उभं राहूनच थकतो. साध्या दिवशी, रविवार टाळून, सकाळी लवकर पोचा. चढताना साडीचा पदर कमरेला घट्ट खोचायला सांगा. आईचा पदर दाराच्या कडीत अडकला, मागच्या बाईने ओढून सोडवला म्हणून ठीक, नाहीतर पाळणा सुटायच्या बेतात होता. आत उभं राहू नका, पोरांना पाळणा हलवू देऊ नका. एप्रिल 2025 मध्ये इथे ट्रॉली उलटून माणसं जखमी झाली होती. वारा सुटला असेल तर खालच्या छोट्या बम्लेश्वरीचं दर्शन घ्या आणि परत फिरा, देवी रागावत नाही.

आणि हे कोणीच सांगत नाही: वरच्या स्टेशनावर उतरल्यावरही देवळापर्यंत पायऱ्या आहेतच. आई तीन वेळा बसली. काठी सोबत ठेवा, पाणी खालूनच भरून घ्या. दर्शन मात्र मनासारखं झालं, आईच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

खरा घोळ परतीचा. संध्याकाळच्या गाडीने सालेकसाला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. आमच्या बाजूची शेवटची एसटी निघून गेलेली. स्टेशनाबाहेर एकच काळीपिवळी उभी. सकाळी त्याच रस्त्याने माणशी तीस रुपये देऊन आलो होतो. ड्रायव्हर म्हणाला, "सहाशे. बुक करा, नाहीतर सवारी भरेपर्यंत थांबा." सवारी कुठून भरणार? फलाटावर आमच्याशिवाय दोन माणसं, तीही गावातलीच, पायी निघालेली. मी चारशे म्हटलं, तो जीपला टेकून तंबाखू मळत राहिला. आई ओट्यावर पाय चोळत बसलेली, त्याला ते दिसत होतं आणि भाव त्यावरच ठरला होता. सहाशे दिले. अर्ध्या वाटेत आणखी चार जणांनी हात दाखवल्यावर त्याने त्यांना बसवलं आणि त्यांच्याकडून वेगळे पैसे घेतले. मी बोललो तर म्हणाला, "उतरायचं आहे का?" जंगलातल्या रस्त्यावर, रात्री, आईसोबत. याला मी लूटच म्हणतो.

त्या रात्रीपासून डोक्यात एकच आहे. आपल्याकडे रोप-वे म्हणजे देवळाचा पाळणा. ज्या शहरांनी त्याला बससारखं वापरलं, त्यांनी आधी जोडणी पाहिली. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये 2004 साली डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांसाठी पाळणे सुरू झाले, ते थेट मेट्रोच्या स्टेशनावर उतरतात. बोलिव्हियात ला पाझ खाली दरीत आणि एल आल्टो वर पठारावर; 2014 पासून तिथे माणसं पाळण्याने कामावर जातात. तिथला पाळणा स्टेशनात आला की दोर सोडतो आणि हळू होतो, पण दोर फिरतच राहतो. म्हणून मागून पाळणे येतच राहतात आणि रांग तुंबत नाही. वाराणसीचा रोप-वेसुद्धा कँट रेल्वे स्टेशनापासूनच गोदौलिया चौकापर्यंत आखला आहे. माणूस गाडीतून उतरला की पुढचं वाहन समोर हवं. डोंगरगडला डोंगरावर नेणारं साधन आहे, आमच्या तालुक्यात स्टेशनावरून घरी नेणारं नाही. नव्या रोप-वेच्या घोषणा ऐकतो तेव्हा मला वाटतं, आधी शेवटच्या लोकलला जोडून एक एसटी द्या. म्हाताऱ्यांचे हाल त्यानेच थांबतील.

तोपर्यंत असं करा. मोटारसायकल असेल तर सकाळी स्टेशनाजवळ ओळखीच्या दुकानात लावून जा. नसेल तर गावातल्या जीपवाल्याशी आदल्या दिवशीच येण्या-जाण्याचं ठरवा, आकडा घरच्या दुसऱ्या माणसासमोर बोलून घ्या, आणि पूर्ण पैसे घरी पोचल्यावरच द्या. टॉर्च न्या. दुपारची गाडी धरता येत असेल तर दर्शन झाल्यावर बाजारात रेंगाळू नका. आणि परतीचं काहीच ठरलं नसेल तर संध्याकाळची गाडी पकडूच नका. डोंगरगडला धर्मशाळा आहेत, रात्र तिथे काढा आणि सकाळच्या पहिल्या गाडीने या. त्या वेळी सालेकसात एसटीही असते आणि माणशी तीस रुपयेवाली जीपही.