ॲलिस ऊर्फ एडिकेनी: हॉग्सबॅकच्या वाटेवरचं खोसा गाव

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात फिरणारे बरेच जण ॲलिसला पेट्रोल भरतात आणि हॉग्सबॅकच्या जंगलाकडे निघून जातात. तुम्ही तिकडे जाणार असाल तर या गावासाठी निदान एक पूर्ण दिवस ठेवा, एवढ्यासाठी हे लिहितेय.

नकाशावर ॲलिस, पण इथले खोसा समाजाचे लोक म्हणतात एडिकेनी. गाव एका मुख्य रस्त्याभोवतीचं. दुकानं, मिनीबस टॅक्सींचा अड्डा, फुटपाथवर कोबी आणि संत्री विकणाऱ्या बायका, तेलात तळले जाणारे अमाग्विन्या, म्हणजे पिठाचे फुगलेले गोळे. रस्त्यात गाई आणि शेळ्या निवांत उभ्या असतात. खांद्याला बॅग लावलेली कॉलेजची मुलं मात्र सगळीकडे, कारण फोर्ट हेअर विद्यापीठ इथेच आहे.

या गावाची सुरुवात मिशनऱ्यांपासून झाली. १८२३ मध्ये त्यांनी ट्युमे नदीच्या खोऱ्यात छापखाना आणला आणि खोसा भाषा छापली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी लव्हडेल मिशन उभं राहिलं. ब्रिटिश आणि खोसांच्या १८३४-३५ च्या युद्धात ते उद्ध्वस्त झालं, म्हणून ट्युमेकाठी आताच्या जागी हलवलं. १८४१ मध्ये तिथे शाळा सुरू झाली, तेव्हा काळी आणि गोरी मुलं एकाच ठिकाणी शिकत होती. मग एका कुऱ्हाडीच्या चोरीवरून त्यांच्यातलं १८४६ चं युद्ध पेटलं. त्याच काळात ब्रिटिशांनी इथे किल्ला बांधला आणि त्याला कर्नल जॉन हेअरचं नाव दिलं. शेजारच्या वस्तीला राणी व्हिक्टोरियाच्या मुलीचं, ॲलिसचं नाव मिळालं. ज्या खोसांची जमीन गेली, त्यांच्या नावाने इथे काय आहे? एक टेकडी, सँडिलेज कॉप. सँडिले हा खोसांच्या एका शाखेचा राजा १८७८ मध्ये युद्धात मारला गेला. त्याच्याच टेकडीवर लव्हडेलचे मुख्याध्यापक जेम्स स्ट्युअर्ट यांचं स्मारक आहे. वर जाऊन खाली गाव बघताना मला हे फार बोचलं. टेकडीवर एकटं जाऊ नका, सोबत स्थानिक माणूस घ्या.

किल्ल्याच्या जागेवर १९१६ मध्ये कॉलेज उघडलं, तेच आजचं विद्यापीठ, आणि पुढच्या काही दशकांत आफ्रिकेचं राजकारण या छोट्या गावातून घडत गेलं. वर्णद्वेषाविरुद्ध लढलेले नेल्सन मंडेला, ऑलिव्हर टँबो आणि रॉबर्ट सोबुक्वे, बोत्स्वानाचे पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा आणि झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबे, सगळे इथले विद्यार्थी. १९५९ मध्ये वर्णद्वेषी सरकारने कॉलेज ताब्यात घेऊन ते खोसांपुरतं मर्यादित करायचं ठरवलं, तेव्हा प्राध्यापक झेड. के. मॅथ्यूज यांनी पेन्शनवर पाणी सोडून राजीनामा दिला. इथल्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. माझ्या लेखी या गावाचा खरा नायक हाच माणूस. लव्हडेललाही असाच इतिहास आहे. वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको काही काळ तिथे शिकत होते आणि १९६३ मध्ये त्यांना काढून टाकलं गेलं. तिथल्याच व्हिक्टोरिया रुग्णालयात शिकून सेसिलिया माकिवाने १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली पहिली नोंदणीकृत कृष्णवर्णीय परिचारिका झाली.

विद्यापीठाच्या आवारात जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि ब्रिटिश सैनिकांच्या कबरी आहेत. मंडेलांच्या पक्षाची, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची कागदपत्रंही विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ती आणि कलादालन बघायचं असेल तर कामाच्या दिवशीच जा आणि आधी फोन करून ठेवा. जून-जुलै आणि डिसेंबर-जानेवारीत सुट्ट्या असतात. आवारात शिरताना ओळखपत्र जवळ हवं.

पोहोचायचं कसं? ईस्ट लंडन या किनाऱ्यावरच्या शहराचा विमानतळ साधारण १२० किलोमीटरवर आहे. तिथून क्वॉन्सेमार्गे (जुनं नाव किंग विल्यम्स टाउन) आर ६३ रस्ता येतो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, पण अंधार पडल्यावर नको, जनावरं दिसत नाहीत. मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून सकाळीच अड्ड्यावर जा आणि सुटे रँड जवळ ठेवा.

शाकाहारींनी उम्ङकुशो खाऊन बघावा: भरडलेला मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला, आपल्या उसळीसारखा पोटभरीचा. मात्र त्यात हाडं टाकली आहेत का, हे विचारून घ्या. दुकानात शिरल्यावर काम सांगण्याआधी ‘मोल्वेनी’ म्हणून नमस्कार करा. वडीलधाऱ्या पुरुषाला ताता आणि बाईला मामा म्हणायचं. मी एवढं केल्यावर फळं विकणाऱ्या मामांनी माझ्या घरच्या सगळ्यांची चौकशी केली.

डिसेंबरच्या आसपास अंगाला पांढरी माती लावून घोंगडी पांघरलेली तरुण मुलं दिसली, तर ती उल्वालुको या पुरुषत्वाच्या दीक्षाविधीत आहेत. त्यांचे फोटो काढू नका, जवळही जाऊ नका. हॉग्सबॅक इथून तीसेक किलोमीटर, रस्ता वळणांचा आणि धुक्याचा. दुपारी तीनच्या आत निघालात तर उजेडात पोहोचाल. जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात जाणार असाल तर जाड स्वेटर घ्या, वर कधीकधी बर्फही पडतो.