तरीही नोंदणी का करता, असे तुम्ही विचारलेत म्हणून

बास्केटबॉल संघटनेवर एवढी टीका करता, मग दर वर्षी तुम्ही शिकवता त्या मुलामुलींचे अर्ज भरून त्याच संघटनेकडे कशाला पाठवता? हा प्रश्न मला पालकांनी विचारला आहे, मैदानावरच्या जुन्या खेळाडूंनी विचारला आहे आणि अलीकडे शाळेतल्या सहकाऱ्यांनीही विचारला आहे. विचारणाऱ्याला बहुधा एका वाक्यात उत्तर हवे असते आणि ते मला देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

दुसरा दरवाजा नाही, हे पहिले कारण. बास्केटबॉलची जागतिक संघटना फिबा एका देशातून एकच महासंघ मानते. आपल्याकडे तो १९५० मध्ये स्थापन झालेला भारतीय बास्केटबॉल महासंघ. त्याच्याखाली राज्य संघटना आणि राज्याखाली जिल्हे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत ज्या मुलीचे नाव आले नाही, ती कितीही चांगली खेळत असली तरी राज्य स्पर्धेला जाऊ शकत नाही आणि भारताच्या शिबिरापर्यंत तर तिचे नावही पोहोचत नाही. शिवाय माझ्या मैदानावर येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी खेळाकडे नोकरीचा रस्ता म्हणून पाहिले जाते आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, रेल्वेत आणि पोलीस दलात खेळाडूंची भरती होते. पण प्रमाणपत्र पडताळणीला गेले की स्पर्धा कोणत्या संघटनेने घेतली आणि तिला मान्यता होती का, हे आधी पाहिले जाते. मी रागाने बाहेर पडले, तर माझा राग शाबूत राहील आणि मुलांच्या हातात कागद येणार नाही.

महासंघ काहीच करत नाही, असे कोणी म्हटले की मात्र मी चिडते. दर वर्षी वेगवेगळ्या वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धा घ्यायच्या, देशभरातून येणाऱ्या संघांची राहण्या-जेवणाची सोय पाहायची, पंच आणि टेबल अधिकारी (गुण आणि वेळ नोंदवणारे) जमवायचे, मुलांच्या वयाचे दाखले तपासायचे, हे काम डोळ्यांना दिसत नाही. ते करणाऱ्यांत माझ्यासारखे अनेक शिक्षक आहेत, जे सुट्टीत तुटपुंज्या भत्त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत स्कोअरशीट भरत बसतात. संघटनांत राजकारणी नकोत, असे मीही पूर्वी तावातावाने म्हणत असे. आता म्हणताना अडखळते, कारण इनडोअर स्टेडियम चार दिवस मोफत कोणी मिळवून दिले आणि मुलांच्या बसचे पैसे कोणी भरले, हे मी जवळून पाहिले आहे.

पण २०१५ साल मला विसरता येत नाही. २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्स या क्रीडा व्यवस्थापन कंपनीशी ३० वर्षांचा करार केला, तेव्हा आता व्यावसायिक लीग सुरू होणार आणि आमची मुले पगारावर खेळणार, असे आम्हाला मनापासून वाटले होते. जुलै २०१४ मध्ये वुहानला भारताने चीनला ६५-५८ असे हरवले. चीनला, चीनमध्ये! मी दुसऱ्या दिवशी सरावाआधी मुलांना तो निकाल मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च २०१५ मध्ये, महासंघाच्या दोन निवडणुका झाल्या: बंगळुरूत के. गोविंदराज अध्यक्ष झाले आणि पुण्यात पूनम महाजन. एका खेळाला दोन अध्यक्ष. पुढे फिबाने गोविंदराज यांच्या गटाला मान्यता दिली. पण ज्या काळात त्या विजयावर काही उभारायचे, त्या काळात कोणते पत्र खरे आणि कोणते खोटे हेच आम्ही एकमेकांना विचारत होतो. महासंघाची स्वतःची लीग, इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग (आयएनबीएल), यायला २०२२ उजाडले. मधल्या वर्षांत ज्यांचे वय उलटून गेले, त्यांना त्या लीगचा काय उपयोग?

महासंघात जे झाले तेच काही वर्षांनी आमच्या जिल्ह्यात झाले, आणि खरे तर मला त्याबद्दलच लिहायचे आहे. जिल्ह्यात दोन कार्यकारिणी झाल्या. दोघांकडे नोंदणीचे कागद, दोघांकडे शिक्के. आम्हाला ज्यांनी चाचणीला बोलावले त्यांच्या चाचणीतून अठरा वर्षांखालील मुलींचा संघ निवडला गेला आणि तो घेऊन मी राज्य स्पर्धेला गेले. स्टेडियमच्या व्हरांड्यात नोंदणीचे टेबल होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे आमच्याच जिल्ह्याचे नाव छापलेल्या बनियनमधल्या मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी लहानपणी माझ्याच मैदानावर ड्रिबल शिकलेल्या होत्या. मला पाहून त्यांनी नमस्कार केला आणि मान खाली घातली. त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

टेबलावर बसलेले गृहस्थ माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांनी फाईल उघडून प्रवेशपत्र माझ्याकडे वळवले आणि सहीच्या जागी बोट ठेवले. "मॅडम, माझ्याकडे पत्र त्यांचं आलंय. मी काय करू?" मी फोन लावले. कोणी उचलला नाही, कोणी उचलून "बघतो" म्हणाले. दहाचा सामना दहाला सुरू झाला. आमची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी खेळाडू, डावखुरी मुलगी, बसमध्येच घोट्याला टेप बांधून आली होती. गॅलरीत बसून तिने तो अख्खा सामना पाहिला आणि टेप काही सोडली नाही. ती बारावीला होती आणि जन्मतारखेमुळे पुढच्या वर्षी वयोगटाबाहेर जाणार होती.

दुपारी ते गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलींना सहभागाची प्रमाणपत्रं करून देऊ का? निदान गुण तरी मिळतील." ते कळवळ्याने बोलत होते, आणि म्हणूनच नाही म्हणणे जड गेले. मी नाही म्हटले. न खेळलेल्या सामन्याचे प्रमाणपत्र मी माझ्या मुलींच्या हातात देऊ शकत नव्हते. काही दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. "बाई, एवढी मोठी माणसं भांडून दोन-दोन शिक्के करतात, ते चालतं. माझ्या पोरीला एक कागद मिळाला असता तर काय बिघडलं असतं?" मी प्रामाणिकपणाबद्दल काहीतरी बोलले. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर असेल," आणि गेल्या. माझे बरोबर होते असे मला आजही वाटते. मात्र त्याची किंमत त्या मुलीने दिली, मी दिली नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या वर्षी मी बैठकीत सांगितले होते की दोन्ही गटांचा निकाल लागल्याशिवाय माझ्या मैदानावरून एकही नाव जाणार नाही. त्या वेळच्या मला आजची मी पळपुटी वाटेल. तिला मी सांगेन की जूनमध्ये नवी मुले आली, त्यांना त्या भांडणातले काही ठाऊक नव्हते आणि त्यांचेही वय थांबणार नव्हते. यावर ती विचारेल, की तुम्ही सगळे दर वर्षी नावे पाठवत राहिलात, तर त्यांना सुधारायचे कारण काय उरले? याचे उत्तर माझ्याकडे नाही.

मताचा हक्क कोणाला आहे, हे पाहा. महासंघाच्या निवडणुकीत राज्य संघटनांचे प्रतिनिधी मत देतात. सामान्य खेळाडूला मत नाही, प्रशिक्षकाला नाही, पालकाला तर नाहीच. केंद्र सरकारच्या २०११ च्या क्रीडा संहितेने अध्यक्षपदाला १२ वर्षांची मर्यादा घातली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची ठेवून तिच्यात किमान २ नामवंत खेळाडू आणि किमान ४ महिला असाव्यात असे ठरवले, मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वादांसाठी न्यायाधिकरण आणले. मला या कायद्याकडून आशा आहे, विशेषतः महिलांच्या जागांबद्दल, कारण मी ज्या बैठकांना गेले तिथे बहुधा मी एकटीच बाई असे. पण न्यायाधिकरणाचा निकाल यायला दिवस लागतील, आणि व्हरांड्यातल्या त्या टेबलावर आमच्याकडे दहा वाजेपर्यंतचाच वेळ होता.

म्हणून या वर्षी अर्जांबरोबर मी जिल्हा संघटनेला एक पत्र दिले आहे. निवड समितीतल्या सदस्यांची नावे चाचणीच्या आधी जाहीर करावीत, आणि संघ गाव सोडण्यापूर्वी राज्य संघटनेचे मान्यतापत्र प्रशिक्षकाच्या हातात असावे, एवढ्या दोनच मागण्या त्यात आहेत. पालकांपैकी कोणाला त्यावर सही करायची असेल तर प्रत माझ्याकडे आहे. पत्राची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. चाचणीची तारीख मात्र लागली आहे.