आमच्या गाड्या स्क्रीनवरच्या रस्त्यांवर धावतात

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ड्रायव्हर नसलेली वेमोची टॅक्सी शेजारी येऊन थांबली, तर आता कुणी मान वळवून बघत नाही. मी काम करतो तो स्टार्टअप मात्र गाड्या बनवत नाही. या गाड्यांची परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दिवसभर संगणकात रस्ते, पाऊस, ट्रक, सायकलवाले आणि रस्त्यावर धावत येणारी मुलं उभी करायची, हेच आमचं काम.

घरच्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, खऱ्या रस्त्यावर चालवूनच का बघत नाही? रँड या संस्थेने 2016 मध्ये याचा हिशेब मांडला होता. अमेरिकेत साधारण 10 कोटी मैलांमागे एक मृत्यू होतो. यंत्र माणसाइतकं तरी सुरक्षित आहे हे 95 टक्के खात्रीने सांगायचं, तर एकही मृत्यू न होता 27.5 कोटी मैल धावावं लागेल. म्हणजे 100 गाड्या रात्रंदिवस ताशी 25 मैलांनी पळवल्या तरी सुमारे 12.5 वर्षं. एवढ्या काळात सॉफ्टवेअर कितीतरी वेळा बदललेलं असतं. मग आधीचे मैल नेमके कुणाचे धरायचे?

म्हणून सिम्युलेशन, म्हणजे संगणकातल्या आभासी रस्त्यांवर गाडी चालवून बघणं. यातही ‘आम्ही इतके अब्ज मैल चालवले’ असे आकडे ऐकू येतात. मला त्यांचं फारसं कौतुक वाटत नाही. मोकळ्या हायवेवरचे लाखो मैल काहीच शिकवत नाहीत. शिकवतो तो एखादा अवघड प्रसंग. उभ्या ट्रकच्या आडून माणूस रस्त्यावर येतो, एवढंच घ्या. त्याचा वेग बदला, ट्रकचं अंतर बदला, उजेड कमी करा, रस्ता ओला करा. शेकडो रूपांत तोच प्रसंग चालवला की कुठेतरी ब्रेक उशिरा लागतो. ती जागा सापडली की आमचा दिवस सार्थकी लागतो.

कुठला प्रसंग मांडायचा हे सुचणं सगळ्यात कठीण. मार्च 2018 मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. ती सेन्सरला साडेपाच सेकंद आधीच दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू ठरवत राहिली, आणि दरवेळी तिच्या आधीच्या हालचालींचा माग पुसला गेला. झेब्रा क्रॉसिंग सोडूनही माणूस रस्ता ओलांडतो, हे त्या सॉफ्टवेअरने गृहीतच धरलं नव्हतं. त्या अपघाताच्या चौकशीचा अहवाल मी वाचला तेव्हापासून प्रत्येक प्रसंग मांडताना आम्ही काय गृहीत धरतोय, हे आधी तपासतो.

आता आमच्याच कामातली दुखरी जागा. खऱ्या गाडीने टिपलेली नोंद आम्ही संगणकात पुन्हा चालवतो. नवं सॉफ्टवेअर मूळ गाडीपेक्षा लवकर ब्रेक लावतं. पण मागची गाडी तर नोंदीतली आहे, तिला याचा पत्ताच नाही. ती ठरल्या वेगाने येते आणि आमच्या गाडीच्या आरपार जाते. ही टक्कर खरी मानायची की खोटी? यावर उपाय म्हणजे मागच्या गाडीलाही डोकं द्यायचं, तिने समोरचं बघून वेग कमी करायचा. पण ती किती पटकन सावरते, हे आम्हीच ठरवलेलं असतं. तिला फार समंजस केलं, तर आमची गाडी फुकट पास होते. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात मोठा धोका हाच.

लायडार, म्हणजे लेझर किरणांनी आजूबाजूच्या वस्तूंचं अंतर मोजणारा सेन्सर, त्याचंही तसंच. ओल्या रस्त्यावरून किरण कसे परततात, हे गणितात हुबेहूब उतरत नाही. त्यामुळे बंद ट्रॅकवर खरी गाडी आणि नकली पादचारी घेऊन तोच प्रसंग घडवायचा, ट्रॅकवरचं आणि संगणकातलं ब्रेकिंग ताडून बघायचं. फरक पडला, तर आधी सिम्युलेटर दुरुस्त करायचा, मग गाडीच्या निकालाबद्दल बोलायचं.